कापणारं पातं

हार्लेम, रविवार संध्याकाळ

टेबलावर बाणाची दोन्ही पाती मांडून बसलो होतो. एक साधं, घट्ट. दुसरं हरणाला लागल्यावर उघडणारं. इथे धनुष्याने शिकार करायला बंदी, म्हणून ऑक्टोबरात ऑफिसातल्या पीटरबरोबर फ्रान्सला जायचंय. साधंच घ्यावं, त्यात बिघडायला काही नाही. जड बाण, सोलायला छोटी सुरी, सगळं ठरलं. मग पातं बाणावर फिरवून बसवायला गेलो, तर आटे जुळेनात. पुन्हा तोच उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. या हाताने जिवंत जनावरावर नेम धरायचा? पातं कितीही चांगलं असलं म्हणून काय? पोटात बाण घेऊन रानात तडफडत राहील ते.

ईराने विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही गं, हात कापतोय."

पोरगी धावत जाऊन पट्टी घेऊन आली. इथेच वाढलेली, तिला कापणं म्हणजे फक्त सुरीचं ठाऊक. हात उलटसुलट करून रक्त शोधलं, सापडलं नाही, तरी अंगठ्यावर पट्टी चिकटवली. थँक्यू म्हणालो.

पीटरला हाताचं अजून कळवलेलं नाही. पट्टीही काढलेली नाही. तिच्याखाली कापतोच आहे.