गालिलाच्या पाण्यावरचा नवस

सान्तियागो, चिली
३ सप्टेंबर १९९३

चि. बासिम यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. माझा रम्झी आता जिना चढतो, पण डॉक्टर म्हणतात, हृदयाचं दुसरं ऑपरेशन करावंच लागेल. २० नोव्हेंबर ठरली आहे.

पहिल्या वेळी दवाखान्यात त्याच्या उशाशी यंत्रं रात्रंदिवस टिकटिकत होती. तेव्हा मी नवस बोलले, की पोरगा वाचला तर गालिलाच्या तळ्याच्या मधोमध, जिथे एकाही यंत्राचा आवाज नाही तिथे, उभी राहून प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणेन. पोरगा वाचला. आधीचं देणं फेडल्याशिवाय दुसरं मागायला तोंड नाही.

आमच्या चर्चच्या लोकांबरोबर १६ ऑक्टोबरला येतेय. होडी तुझीच ठरवली आहे. लहानपणी बाबांच्या होडीतून पडले तेव्हापासून पाण्याची किती धास्ती आहे, ते तुला माहीत आहे. म्हणून चारचौघांत माझी थट्टा करू नकोस.
तुझी ताई,
नुहाद

तिबिर्या
१५ सप्टेंबर १९९३

ती. नुहादताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. ये, सगळी तयारी आहे. होडीवर चढवायला चिलीचा झेंडा आणून ठेवलाय. मागे टेक्ससच्या लोकांसाठी चुकून तोच चढवला होता, दोन्ही दिसायला सारखेच, त्यांनी टाळ्या वाजवल्या!

थट्टा करणार नाही. मात्र तू डोळे मिटून बसलीस तर वल्ह्यानं पाणी उडवीन. हिला तुझ्यासाठी भरल्या द्राक्षपानांचा डबा द्यायचाय. ती विचारते, तिकडे तुम्ही सगळ्यांत मकाच घालता म्हणे?
तुझा धाकटा, अजूनही तुझ्या धाकातला,
बासिम

यरुशलेम
१७ ऑक्टोबर १९९३

चि. बासिम यास,
आशीर्वाद देते, पण रागानं देते. वीस वर्षं तू प्रत्येक यात्रेकरूला तळ्याच्या मध्यावर नेऊन दहा मिनिटं इंजिन बंद करतोस. कोरियाहून आलेल्यांसाठी करतोस, ब्राझीलहून आलेल्यांसाठी करतोस. आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी तेवढं चालू ठेवलंस! बिचाऱ्या फादरांनी शुभवर्तमान त्या घरघरीतच वाचलं. माझी दातखीळ बसली होती, नाहीतर तिथेच ओरडले असते.

उतरताना तू कानात म्हणालास, की ताई, तुझा चेहरा पांढरा पडला होता, थांबलो असतो तर होडी डुलली असती, म्हणून तुला लवकर काठाला लावलं. तुझी माया कळते रे. पण भीती वाटावी म्हणूनच तर तो नवस होता. तुझी पुढची मंडळी धक्क्यावर उभी, आमची बस भोंगा वाजवतेय, काय बोलणार?

उद्या पहाटे विमान आहे. आपल्यात रक्ताच्या माणसानं नवस फेडला तरी चालतो. तो तू फेड. त्या शांततेत तू एरवी सिगारेट ओढत बसतोस, हे मला ठाऊक आहे. एक दिवस ओढू नकोस. वीस नोव्हेंबरच्या आत.

डबा छान होता, वहिनीला सांग.
नुहाद

तिबिर्या
२६ ऑक्टोबर १९९३

ती. नुहादताईस,
सा. न. चुकलं माझं. आज फेडला. कसा, ते जसं घडलं तसं लिहितो.

पोलंडची चाळीस माणसं होती. मध्यावर इंजिन बंद केलं. टोपी काढली, उभा राहिलो, प्रार्थना सुरू केली. 'आमची रोजची भाकर' या ओळीपर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा भाकरीपाशीच अडलो. लग्नानंतर चर्चमध्ये नुसते ओठ हलवतो, त्याचं हे फळ.

त्या लोकांना अरबी येत नाही. तरी पुढच्या बाकावरची एक आजीबाई माझ्याकडे बघत राहिली. काय म्हणतोय ते तिला कळलं असावं. ती उठली आणि तिच्या भाषेत म्हणू लागली. मग सगळेच उठले. एका बाजूला गर्दी झाल्यानं होडी चांगलीच कलली. मी ओरडून खाली बसा म्हणणार होतो, पण प्रार्थना मध्येच तोडली तर तू मला सोडलं नसतंस. त्या गलक्यात मला पुढचं आठवलं. शेवटपर्यंत म्हटलं. रम्झीचं नावही घेतलं, दोनदा.

यंत्राचा आवाज अजिबात नव्हता. माणसांचा मात्र पुष्कळ होता. माझ्या मते तो चालतो. चालत नसेल तर वीस तारखेच्या आत तार कर. होडी रोज जाते.

तुझी माया आहेच, ती रागासकट येऊ दे.
तुझा,
बासिम