कार्ड गेलं, बाई आल्या

वाशीम, मंगळवार, १२ मार्च १९५७

कापसाच्या जिनिंग कारखान्यातली कारकुनी सुटून महिना झाला. पगार गेला त्याहून दवाखान्याचं कार्ड परत द्यावं लागलं, ते जास्त सलतंय. बायकोला, कमलला, सातवा महिना चालू आहे. कार्ड होतं तोवर कारखान्याच्या नर्सबाई दर मंगळवारी घरी येऊन तिला तपासत. आता बाळंतपण कोण करणार? कमलशी हे बोलायचं धाडस होत नव्हतं.

आणि आज संध्याकाळी त्याच नर्सबाई दारात! मी गोंधळून म्हणालो, "बाई, आमचं कार्ड गेलं."

"कार्ड कारखान्याचं होतं, कमल माही हाये. सरका."

तपासून झाल्यावर चहा घेताना म्हणाल्या, "मले बी कालच काढलं. सरकारी दवाखान्यात अर्ज करा लागते. लिहून देता का?"

स्वतःची नोकरी गेलेली, तरी ही बाई आधी कमलला बघायला आली! अर्ज अगदी मन लावून लिहिला.

कमल म्हणाली, "एवढं चांगलं अक्षर हाये, तं कचेरीपुढं बसून लोकायचे अर्ज काहून नाही लिहीत तुमी?"

मलाही हे सुचलं होतं. पण कारकुनानं झाडाखाली पोतं टाकून बसायचं, याची लाज वाटायची. आज ती कुठे गेली कोण जाणे. उद्यापासून बसतो.

निघताना बाईंनी बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं कमलच्या पोटावर धरलं आणि मला म्हणाल्या, "ऐका."

केवढी घाई त्या ठोक्यांना! कमल माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी नळकांड्याला पुन्हा कान लावला.