बिनटपाची हेरल्ड

१ डिसेंबर, रविवार
डॉक्टरांनी रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलं म्हणून सुनेनं, चंद्रिकानं, ही वही दिली. मागच्या वर्षीची दिली. सासूला तेवढी चालते. बीपी १६०. पण ते गिरिजाबाई येऊन गेल्यावर घेतलं, त्यामुळे धरायचं नाही.

गिरिजाबाई माझी थोरली जाऊ. पलीकडच्या गल्लीत राहते, जगते मात्र आमच्या डोक्यावर. जानेवारीत ऐंशीची होणार. पोरांनी कार्यक्रम काढलाय. गूळतुला करणार म्हणे. सोलापुरात तेवढा गूळ आहे का ते आधी बघा म्हणावं. मग शुक्रवार पेठेतून मिरवणूक, पुण्याहून भाड्यानं आणलेल्या जुन्या उघड्या मोटारीतून. चौकात फ्लेक्स. त्यावर तिच्या लग्नातल्या वरातीचा फोटो आणि खाली ओळ, ‘उघड्या मोटारीतून आलेली घरातली एकमेव सून’.

एकमेव! मग मी काय हातगाडीवरून आले?

मी डूख धरणारी बाई नाही. पण हे बघून घेणार.

३ डिसेंबर
गिरिजाकडं फोटो बघायला गेले. मोटार हेरल्ड, वर टप नाही, पांढरी. नवरीचं तोंड बाशिंगाआड, नवऱ्याचंही बाशिंगाआड. आमचे दोघांचे नवरे सख्खे भाऊ, एका साच्यातले. म्हणजे फोटो कुणाच्याही लग्नाचा असू शकतो. म्हणजे माझ्याच.

तसं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. गिरिजा म्हणाली, अगं पारू, तू टपाच्या गाडीतनं आलीस की. तिची नात खुदकन हसली.

चहा अर्धा टाकून उठले. लाडू दोन खाऊन झाले होते, ते टाकता येत नव्हते.

माझं लग्न एकाहत्तर सालचं. मी सतरा वर्षांची. वारा लागत होता हे मला पक्कं आठवतंय. टपाच्या गाडीत वारा लागतो का?

४ डिसेंबर
ठरलं. ती गाडीच शोधून काढायची. माणूस खोटं बोलतो, फोटो खोटं बोलतो, लोखंड बोलत नाही. मिरवणुकीच्या दिवशी गिरिजाच्या भाड्याच्या गाडीपुढं माझी खरी गाडी उभी करायची आणि आत मी. मग फ्लेक्स वाचा म्हणावं.

बसूनं, म्हणजे माझ्या मुलानं, मोबाईलमध्ये बघितलं. म्हणाला, आई, कारखान्यातूनच बिनटपाची आलेली हेरल्ड लई दुर्मिळ असते, जिल्ह्यात एखादी सापडली तरी नशीब. मी म्हटलं, मग सोपंच झालं. हजार असत्या तर शोधत बसायला लागलं असतं.

बँकेत नोकरी करतो, पण हिशेब माझ्याकडूनच शिकावा लागतो.

८ डिसेंबर, रविवार
हुरडा खायला जाऊ म्हणून बसूला मोडनिंबला नेलं. तिथं मल्लिनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागं हेरल्ड आहे, अशी खबर. खबर खरी. गाडीला टप नव्हता, आत कोंबड्या होत्या.

डोळे मिटून मागच्या सीटवर बसले, काही आठवतंय का बघायला. काही आठवलं नाही. अंडं फुटलं. आम्ही लिंगायत, घरात अंडं शब्द उच्चारत नाही, आणि इरकली लुगड्यावर हा नकाशा. बसूला बजावलं, घरी लिंबू सरबत सांडलं म्हणायचं.

मल्लिनाथ म्हणाला, आजी, ही मूळची टपाचीच हाय. हेरल्डचा टप नुसता बोल्टावर असतोय. लगीनसराई आली की मिस्त्री टप काढायचे, वराती संपल्या की पावसाळ्याआधी परत लावायचे. ह्यो बघा आमचा. बघितलं तर टप वासरांच्या डोक्यावर, चार दांड्यांवर. वासरं सुखात.

म्हणजे ही खोटी उघडी. माझी ती नव्हे. माझी खरी होती.

हुरडा बरा होता.

९ डिसेंबर
चंद्रिकानं लुगडं भिजत घातलं, वास घेतला आणि म्हणाली, अत्ती, हे सरबत कुठल्या झाडाच्या लिंबाचं? सुनेच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला लागलं तर घर कोण चालवणार?

१२ डिसेंबर
गिरिजाकडून शेंगापोळ्या आल्या. तिच्या घरचं काही खायचं नाही असा कालच निश्चय केला होता. पण तिला फक्त पाक जमतो, शेंगा बाजारातल्याच. त्यामुळे निम्मी पोळी तिची नसतेच. तो निम्मा हिस्सा धरून चार खाल्ल्या.

बीपी घेतलं नाही. मशिनला आराम.

१५ डिसेंबर, रविवार
अक्कलकोट. स्वामींचं दर्शन हे निमित्त. स्वामींना माहीत आहे, ते समजून घेतात. रांगेत दीड तास.

मग गाडीची खबर होती त्या तेलाच्या गोदामात गेलो. मालक म्हणाला, अक्का, बन्नी, या की, असली ओपन गाडी साऱ्या तालुक्यात न्हाय. ताडपत्री ओढली तर आत फियाट. टप गॅसकटरनं कापलेला, काठ करवतीसारखे. गणपतीच्या मिरवणुकीसाठी कापला म्हणे. मी त्याला कन्नडमधून जे सांगायचं ते सांगितलं. मराठीत मला तेवढं येत नाही. बसू बाहेर जाऊन उभा राहिला.

निघताना मालकानंच पत्ता दिला. सोलापुरातल्या हेरल्ड गाड्यांना एकच मिस्त्री हात लावायचा, संगप्पा. आता लेकीकडं असतो, इथंच अक्कलकोटात. आज लेकीबरोबर गावाला गेलाय, पुढच्या रविवारी भेटेल.

बसू म्हणाला, आई, सुट्टीचा रविवार माझा एकुलता एक असतोय. मी म्हटलं, मला पण मुलगा एकुलता एकच आहे.

२२ डिसेंबर, रविवार
संगप्पा मिस्त्री सापडला! पंच्याऐंशीचा, कानानं कमी, डोक्यानं लख्ख. साल सांगितलं, पेठ सांगितली. म्हणाला, ती पांढरी हेरल्ड? ती भंगारात जाऊन चाळीस वर्षं झाली की. मी माझ्या हातानं इंजिन उतरवलं.

मग मी नवऱ्याचं नाव सांगितलं, सिद्धलिंगप्पा. नाव घेताना लाजले नाही, वय गेलं लाजायचं. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. म्हणाला, सिद्धलिंगप्पाची वरात? ती तर मी मरेपर्यंत विसरायचा न्हाय!

झालं. गाडी नसली तरी गाडीचा साक्षीदार आहे. तो पुढं सांगायला लागला तर मी हात आडवा केला. म्हटलं, आता नको, एकोणीस जानेवारीला सोलापूरला या, सगळ्यांसमोर माईकवर सांगा. तो म्हणाला, व्हय, पण आदी ऐका तर, झालं असं की. मी म्हटलं, एक शब्द नको. बसू म्हणाला, आई, ऐकून तरी घे. काही ऐकायचं नाही. साक्षीदाराला कोर्टाच्या आधी बोलू दिलं की तो पातळ होतो.

२९ डिसेंबर, रविवार
गिरिजाच्या थोरल्याला गोड बोलून कार्यक्रमात पाच मिनिटं मिळवली. म्हटलं, जुने मिस्त्री आहेत, वरातीच्या गाडीबद्दल चार शब्द बोलतील. कुणाच्या वरातीच्या ते सांगितलं नाही.

गिरिजाला कळलं. संगप्पा नाव ऐकताच तोंड उतरलं. म्हणाली, पारू, ऱ्हाऊ दे की. त्या म्हाताऱ्याला कशाला दगदग?

घाबरली! चोपन्न वर्षांत पहिल्यांदा घाबरलेली बघितली. बीपी १२४. खऱ्याच्या बाजूनं असलं की असं होतं. डॉक्टरांना गोळ्या बंद करायला सांगणार.

५ जानेवारी
आरशासमोर सराव. सगळे माझ्याकडं वळून बघतील तेव्हा मी काय म्हणायचं? ‘जाऊ दे, थोरली आहे, चुकली असेल.’ हे म्हणताना मान जराशी डावीकडं. डोळ्यांत पाणी आणायचं नाही, तिला समाधान नको.

चंद्रिका दारातून बघत होती. म्हणाली, अत्ती, कोण गेलं?

फ्लेक्सवाल्याकडं जाऊन आले. खालची ओळ बदलून दुसरी चिकटवता येते का, विचारलं. येते म्हणाला. कार्यक्रम झाला की लगेच सांगते, शिडी तयार ठेव म्हटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, पाहुण्यांची गर्दी. गिरिजा स्वतः तीळगूळ घेऊन आली. जिना चढून. गुडघे वाजत होते, माझ्या खोलीपर्यंत ऐकू आले. गोड बोल म्हणाली. मला बोलायचं नव्हतं, म्हणून तीळगूळ गालात धरून बसले.

माझा हात धरून म्हणाली, पारू, मी फ्लेक्सवरची ओळ काढायला सांगते पोरांना. पण संगप्पाला बोलवू नको.

हात गार होता. चोराचा असतो तसा.

ओळ काढते म्हणे! आता? हरायला लागल्यावर? मी मान हलवली. तीळगूळ विरघळला तरी तोंड उघडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी ७
आज. जरीची साडी. संगप्पाला आणायला बसूला पहाटेच अक्कलकोटला पाठवलंय. फ्लेक्स बघितला, खालची ओळ खरंच काढलीय. तरी मी थांबणार नाही. ओळ काढली म्हणून डाग जातो का?

२० जानेवारी, सोमवार
बीपी घेतलं नाही.

काय झालं ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गूळतुला झाली. गूळ पुरला. मग संगप्पाला माईक दिला. बहिऱ्या माणसाला माईक देऊ नये, तो जास्तच मोठ्यानं बोलतो. म्हणाला, मी दोन वरातींची गाडी सजवली. पासष्ट साली थोरल्या वैनींची. टप काढून, फुलं लावून, झोकात झाली. एकाहत्तरला धाकट्या वैनींची. टप आदल्या दिवशीच काढून ठेवलेला. नवरी मांडवातनं बाहेर आली, उघडी गाडी बघितली आणि तिथंच फतकल मारून बसली. सारी पेठ बघतीय म्हणाली. मी न्हाय बसणार म्हणाली. लई रडली. सासरा तापला, सिद्धलिंगप्पा तोंड लपवून उभा. तवा थोरल्या वैनी पुढं आल्या. मला म्हणाल्या, मिस्त्री, टप लावा. लोकांना काय सांगायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, नवरीला ऊन सोसत न्हाय म्हणून सांगा. एकेक बोल्ट आवळत दोन तास गेले. बेंडवाल्यांनी तीनदा चहा घेतला.

मांडव हसत होता. बसू जमिनीकडं बघत होता. माझी मान डावीकडं वळलेली होती, सरावामुळे. तशीच राहिली.

संगप्पाचं वय झालंय. माझ्या आठवणीत वारा होता. पण आता असं आठवतंय की तो वारा खिडकीतून पण येत असेल.

सगळ्यांत राग याचा आला की गिरिजाला हे ठाऊक होतं. चोपन्न वर्षं. भांडणात, वाटणीत, कितीदा मी तिला वाट्टेल ते बोलले. एकदा तरी तोंडावर फेकायचं. नाही फेकलं. टपाच्या गाडीतनं आलीस, एवढंच म्हणायची, का ते कधी नाही. ही तिची खेळी. मला ऋणात ठेवायची. असली कावेबाज बाई जिल्ह्यात नसेल.

फ्लेक्सवाला शिडी घेऊन आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

मग मिरवणूक. पुण्याची गाडी दारात उभी, लाल, टप मागं दुमडलेला. गिरिजा आत बसली आणि मला म्हणाली, ये पारू, माझ्या शेजारी. मी जाणार नव्हते. पण तिचा तोल जातो, कुणीतरी धरायला पाहिजे, आणि चालत जायचं तर माझे गुडघे. म्हणून बसले. दुसरं काही कारण नाही.

गाडी निघाली. हलगी, फटाके. गच्च्यांवर माणसं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाईल. सारी पेठ बघत होती.

चौकाच्या अलीकडं मी ड्रायव्हरला म्हटलं, टप लाव, ऊन डोळ्यांवर येतंय. तो म्हणाला, आजी, साडेसहा वाजून गेले, ऊन कुठंय? मी म्हटलं, तू पुण्याचा, तुला सोलापूरचं ऊन काय कळणार.

तो गिरिजाकडं बघायला लागला. तिनं लाव म्हणून नुसती खूण केली.