वाघिणीचा चहा

शनिवार, २ मार्च

पाहिला एकदाचा तो सिनेमा! चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांना दाखवावा की नाही, हे म्हणे मी ठरवायचं. पाळकसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "तुमची नजर कडक." थोरलीलाही नेलं. चौदाची आहे. माझ्या देखत पाहिलेला बरा.

पाच चोर, एक संग्रहालय, एक हिरा. एकाने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीत लपून आत शिरायचं. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून सांगते — मळक्या चादरींखाली माणूस क्षणभर टिकणार नाही, वासानेच बाहेर येईल. आणि शेवटी शिक्षा कोणालाच नाही. समुद्रकिनारी बसून हसतात मेले! 'चोरी करू नको' ही आठवी आज्ञा गेली कुठल्या कुठे.

बाहेर आल्यावर थोरली म्हणते, "मम्मी, पहारेकरी मागे वळला तेव्हा तू माझा हात का गं दाबलास?" मी बस येतेय का ते पाहत राहिले.

रविवार, ३ मार्च

उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या मिसेसना सांगून टाकलं — सिनेमा नको. मग ड्यूटी. सासरे माझ्याच वॉर्डात आहेत, त्यांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला मी काय वेगळं सांगू?" आठवडा निघेल असं वाटत नाही.

धाकटी दाराबाहेर रडत बसली. बारा वर्षांखालच्या मुलांना आत प्रवेश नाही, ही सहाची. सासरे सारखी तिचीच चौकशी करतात. पण ती पाटी मीच लावलीय. गेल्याच महिन्यात एका बाईला लेकरासकट दारातून परत पाठवलं. घरच्यांसाठी नियम वाकवला तर उद्या कोणत्या तोंडाने कोणाला अडवू?

मंगळवार, ५ मार्च

थोरलीचं काहीतरी शिजतंय. भाजी चिरताना विचारते, "एखादी बाई जागची हलतच नसेल, तर तिला हलवायचं कसं?"

"कोणती बाई?"

"अशीच. कोणतीही."

थोड्या वेळाने धाकटी धुण्याच्या टोपलीत अंग चोरून बसलेली सापडली. वरून टॉवेल. "खेळतेय," म्हणे. एकटीच?

संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने दिवसातली एक चूक मोठ्याने सांगून क्षमा मागायची, हा सासऱ्यांनी घालून दिलेला शिरस्ता. थोरलीकडे रोज काही ना काही असतं — खोटं बोलले, बहिणीला चिमटा काढला. आज म्हणाली, "माझ्याकडून आज काही नाही." काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!

बुधवार, ६ मार्च

धाकटीची आजची प्रार्थना जशीच्या तशी — "देवा, आजोबांना बरं कर. आणि शुक्रवारी चार वाजता वाघिणीला चहा प्यावासा वाटू दे. येशूच्या नावाने मागते, आमेन."

थोरलीने तिला कोपर मारलं. मी डोळे किलकिले करून बघत होते. हे मात्र डोळे मिटून हसत होते. म्हणजे बापही सामील?

वाघीण म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, दुसरं कोण! परीक्षा तोंडावर आलीय. प्रश्नपत्रिका त्यांच्याच कपाटात असणार. त्या चहाला गेल्या की धाकटीला खिडकीतून आत सोडायचं. यांना बोलून दाखवलं तर म्हणतात, "तू सिनेमा फारच मनावर घेतलास." माझी पोर चोर निघाली तर?

गुरुवार, ७ मार्च

शाळा सुटायच्या वेळी जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना सावध करायचं ठरवूनच ड्यूटीवर गेले. वॉर्डाचं दार ढकललं तर चादरी बदलणाऱ्या मावशी नव्या नर्सला म्हणाल्या, "आवर पटकन, वाघीण आली."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

चादरींची ट्रॉली मावशीच ढकलतात. आजोबांना भेटायला आली की थोरली रोज त्यांच्याशी गप्पा मारत उभी असते. धुण्याची टोपली, शुक्रवार, चार वाजता — सगळं लक्षात आलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. माझ्या पोरींनी आजोबांची भेट माझ्याकडे मागितली नाही, देवाकडे मागितली. फार लागलं ते.

सासऱ्यांचे डोळे दाराकडे. "छोटी आली का गं?"

"नियम आहे ना, बाबा."

"हो, हो," म्हणाले. "नियम आहे."

शाळेत गेले नाही.

शुक्रवार, ८ मार्च

चार वाजता चहाला गेले. जाण्याआधी मावशींना सांगितलं, आज ट्रॉलीत धुतलेल्याच चादरी ठेवा. मावशींचा चेहरा पांढरा पडला. मी कप गार होईपर्यंत कॅन्टीनमध्ये बसून राहिले.

संध्याकाळी प्रार्थनेत माझी पाळी आली. म्हटलं, "माझ्याकडून आज काही नाही."