नीरजाताईच्या वजनाचा गूळ

॥ श्री ॥
नांदुरा, ता. ३ ऑगस्ट २०२४

ती. नीरजाताईस,
कुशलचा सा. न. वि. वि.

तुनं फोन बंद करून ठेवला म्हणून मले जिंदगीत पयल्यांदा पोष्टात जा लागलं. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कोर्टाची नोटीस हाय का. म्या सांगतलं, चिखलीले बहीण राह्यते, शाळेत क्लार्क हाय, तिले पत्र हाय. तो माह्याकडे असा पाहे जसा मी बैलगाडीनं चंद्रावर चाललो. बारावीत दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर हाय, तवा लाल पेन काढू नको.

फोन बंद केला ते बेस केलं. घरच्या ग्रुपवर तुह्यासाठी रोज पंधरा-वीस व्हिडिओ येऊन राह्यले. जिरे-पाणी, दुधीचा रस, उलटं चालणं. पाठवणारे सारे स्वतः सोफ्यावर कचोरी खाऊन राह्यले.

आता खबर. आईनं तुह्या पोट लहान करायच्या ऑपरेशनची गोष्ट सुलभा आत्याले सांगतली. आईच्या पोटात गोष्ट किती वेळ टिकते, तर चहा उतू जायले लागते तेवढा. आत्या दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून पिशवी घेऊन हजर. तिच्या हाती मलकापूरचं स्थळ हाय. पोरगं बँकेत. त्याईचं म्हणणं, मुलगी पसंत हाय, फक्त थोडी कमी झाली पाहिजे. थोडी म्हणजे किती, ते नाही सांगतलं. मी मार्केटात वजनकाट्यावर असतो, मले आकडा लागते.

अन् आत्यानं काय केलं माहीत हाय? आपल्या गल्लीतल्या मारुतीले नवस बोलली. स्थळ जमलं तर नीरजाच्या वजनाइतका गूळ वाटीन. तुले तागडीत बसवणार, दुसऱ्या बाजूले भेल्या. इकडे तुले कमी करायचं, तिकडे तुह्या वजनाचा गूळ कबूल करायचा! आता दोघी भांडून राह्यल्या की गूळतुला ऑपरेशनच्या आधी करायची का नंतर. आई म्हणते नंतर, गूळ कमी लागन. आत्या म्हणते, नवस आजच्या वजनाचा हाय, देवाले फसवू नाही.

देवाले नाही फसवत, डॉक्टरले फसवते. तू अकोल्याच्या दवाखान्याचा फॉर्म घरी विसरली होती ना? तो आत्यानं भरला. मनाच्या आजाराचं औषध घेता का, तठी लिहिलं नाही, अन् खाली दोन रेघा मारल्या. घराण्यात कोणते आजार हायेत, तठी लिहिलं, घराणं चांगलं आहे.

ताई, बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईच्या गोळ्या चालू हायेत ना? तेवढं एक खरं सांगजो, बाकी पाहिजे तेवढं खोटं लिही.

पत्राच्या शेवटी मोठ्यांना नमस्कार सांगतात, पण तुह्या खोलीवर तूच मोठी. वयानं म्हणतो बे, मारू नको. माया हाय तशीच ठेवजो, व्हिडिओ पाहून कमी नको करू.

तुहा नालायक भाऊ,
कुशल


चिखली, ता. ९ ऑगस्ट २०२४

चि. कुशल,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या अक्षरामुळे परत घेतले आहेत.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. 'घराणं चांगलं आहे' वाचून तोंड वाकडं झालं, बहुतेक ते हसूच असावं. सवय गेली आहे.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. गोळ्या बंद आहेत. आज अठरा दिवस झाले. हेही आत्याचंच डोकं. तिचं म्हणणं, महिनाभर बंद ठेव, म्हणजे 'नाही' लिहिलेलं खोटं ठरत नाही. वर म्हणे, सासरी गेल्यावर कपाटात पाकीट सापडलं तर काय सांगणार आहेस? मी हो म्हटलं. मी एकोणतीस वर्षांची आहे, शाळेचा सगळा हिशेब माझ्या सहीने जातो, आणि मी हो म्हटलं. हसायचं असेल तर इथे हस.

पहिला आठवडा बरा गेला. मग डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके यायला लागले. आता तेही गेले, पण त्यांच्याबरोबर बाकीचंही गेलं. शाळेत जाते, खुर्चीत बसते, येते. बाजूच्या खोलीतली फिजा, आमच्या शाळेत शिकवते ती, रोज भाजी देते. वाटी तशीच परत जाते. गंमत बघ, ज्या बाईचं पोट लहान करायला सगळे धावतायत, तिला जेवायचा कंटाळा आला आहे आणि वजन एकशे अठराच्या खाली यायला तयार नाही.

सगळ्यांना वाटतं ऑपरेशन आत्यासाठी, मलकापूरसाठी. तसं नाही. मला ते आधीपासून पाहिजे होतं. गुडघे बोलतात, साखर वाढली आहे, दप्तरखोलीचा जिना चढले की शिपाई कडूबा मामा न विचारता पाणी आणून ठेवतो. पण आता मला कळेनासं झालंय. कधी वाटतं मला बारीक व्हायचंय. कधी वाटतं नुसतं नाहीसं व्हायचंय. दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि मला ती वेगळी करता येत नाहीत.

घाबरू नकोस. मी भाजीच्या वाटीवरचं झाकणही उघडत नाही, तिथे बाकी काय करणार. यातलं कोणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ.

आई-बाबांना नमस्कार. तुझ्यावर जीव आहे, तो आहे हे गृहीत धर, सध्या दाखवता येत नाही.

तुझी,
नीरजाताई


नांदुरा, ता. १४ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुहं पत्र सोमवारी दुपारी आलं. म्या ते बोऱ्याच्या थप्पीवर बसून वाचलं अन् काटा तसाच सोडून बाहेर आलो. शेठ मांगून शिव्या देऊन राह्यला होता. तुह्या शाळेचा नंबर काढला, फिजाताईले बोलावलं अन् सारं सांगतलं. शपथ मोडली. ते मले माहीत हाय. ती म्हणाली, एका मिनिटासाठी पण एकटं नाही सोडत. हे पत्र तुले भेटन तोवर ती तुह्याच खोलीत पथारी टाकून बसली असन.

इथवर मी शहाणा होतो. आता पुढचं ऐक.

काल आत्यानं गूळतुलेची रंगीत तालीम ठेवली होती. मार्केटातून मोठी तागडी म्याच आणली. अंगणात गल्लीतल्या साऱ्या बाया, अन् आत्या मधात, जशी मंत्रीणबाई. म्या ठोकून दिलं की काटा आधी घरातल्या मोठ्या माणसानं बसून शुद्ध करायचा असते, नाहीतर नवस लागत नाही. कोणीच विचारलं नाही की हे कोण्या पोथीत हाय. आत्या पदर खोचून बसली. म्या मापं मोजून मोठ्यानं आकडा वाचला. एक्याण्णव. वरून म्हटलं, पसंत हाय, फक्त थोडी कमी झाली पाहिजे.

बाया हसल्या. लय हसल्या. आत्या लाल झाली अन् म्हणाली की माह्यासाठी पाच भेल्या आणखी नाही आणा लागत, तुह्या बहिणीसाठी लागतात. माहं डोकं फिरलं. म्या साऱ्याईसमोर ओरडलो की ताईले डिप्रेशन हाय, दीड वर्षापासून गोळ्या चालू होत्या, तुम्ही त्या बंद केल्या, अन् ती तठी जेवून नाही राह्यली.

मंग कोणीच हसलं नाही. झुंबरबाईनं नातवाले कडेवर घेतलं अन् घरी गेली, जशी बिमारी उडून लागते. आई गुळाच्या भेलीवरच बसून गेली. बाबानं तागडी उचलून भिंतीले लावली. आज सकाळी मलकापूरचा निरोप आला, त्याईले आता सध्या घाई नाही म्हणे.

तू सांगतलं होतं की सांगू नको. मी तर ओरडलोच.

वाईट वाटते का नाही ते अजून मले समजलं नाही. माया ठेवायची का नाही ते तूच ठरव.

कुशल


चिखली, ता. २२ ऑगस्ट २०२४

कुशल,
आशीर्वाद या वेळी नाहीत.

आधी खुशाली, कारण आई वाट बघत असेल. फिजाने मला एसटीत घालून बुलढाण्याला नेलं. वाटेत घाटभर बोलत होती, मी एक शब्द बोलले नाही, तिला काही फरक पडला नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी परत सुरू केली, कमी मात्रेपासून. 'नाहीसं व्हायचं' हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी सरळ विचारलं, मी सरळ उत्तर दिलं. फिजा अजून माझ्याच खोलीत झोपते आणि घोरते.

ऑपरेशनचं विचारलं. त्या म्हणाल्या, डिप्रेशन आहे म्हणून दार बंद होत नाही, लपवलं तर मात्र धोका. पोट लहान केल्यावर गोळीचं अंगी लागणं बदलू शकतं, मनही हेलकावे खातं, म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांना सगळं माहीत पाहिजे. आधी मन स्थिर, मग काही महिन्यांनी मी, त्या आणि अकोला मिळून ठरवू. आत्या त्यात नाही. नवीन फॉर्म मी स्वतः भरला. 'हो' लिहिलं. रेघा मारल्या नाहीत.

आता तू. फिजाला सांगितलंस ते बरोबर केलंस. शपथ मोडलीस त्याबद्दल मी कधीही बोलणार नाही. पण अंगणात काय केलंस? बाईमाणसाला चारचौघांत काट्यावर बसवून आकडा वाचलास! मला आठवीपासून असंच बसवतात रे. शाळेत, लग्नात, झुंबरबाईच्या ओट्यावर. माझ्या बाजूने लढायला तुला तेच हत्यार सापडलं? शहाणपणा पाजळायला तू कोण रे टिकोजी? आणि माझं दुखणं. ते माझं होतं. कोणाला, कधी, कुठल्या शब्दांत सांगायचं ते मी ठरवणार होते. तू ते सबंध गल्लीत वाटून टाकलंस, गूळ वाटायच्या आधी. लोक आता मला 'जाडी' म्हणायच्या आधी दुसरा शब्द म्हणतील, तो तुझा. माकडा. गाढवा. बैला.

एकाच दिवशी एकाच माणसाने एक बरोबर आणि एक चूक केली म्हणून ती वजाबाकीत जात नाहीत. दोन्ही राहतात.

आत्याकडे जा आणि माफी माग. विनोद न करता.

दुसरं काम. डॉक्टरीणबाईंना घरच्या एका माणसाचं लिहिलेलं पाहिजे, मी कधीपासून बदलले ते. आईला विचारलं, ती म्हणाली सगळं बरंच होतं. बाबा कधी लिहिणार नाहीत. राहिलास तू. जे पाहिलंस ते लिही आणि परस्पर पाठव. मला दाखवू नकोस.

चार पानं झाली. हात दुखतोय.

नीरजा


नांदुरा, ता. २७ ऑगस्ट २०२४

मा. डॉक्टर मॅडम यांस,
स. न. वि. वि.

मी नीरजाताईचा लहान भाऊ कुशल. मले शुद्ध लिहिता येत नाही, समजून घ्यावे. आत्याकडे जाऊन माफी मागून आलो. तिनं दार उघडलं, पाणी दिलं. हे तुम्हाले विचारलं नाही, तरी लिहिलं, कारण ताईनं करायले सांगतलेलं एक काम झालं.

ताई कधीपासून बदलली ते आमच्या घरात कोणाले आलं नाही ध्यानात. मलेच यायले पाहिजे होतं. कारण लहानपणापासून मी तिच्या मस्कऱ्या करतो. तिच्या चपला लपवणे, दप्तरात बेडूक टाकणे, तिच्या आवाजात हेडमास्तरले फोन करणे. ती लय चिडे. फुटपट्टी घेऊन गल्लीभर पळे. साऱ्या घराले माहीत की कुशलनं काही केलं तर पुढचा आवाज नीरजाचाच येईन.

दोन वर्षाअगोदरच्या दिवाळीले म्या तिच्या नव्या साडीवर हळदीचं पाणी सांडवलं. मुद्दाम. ती म्हणाली, राहू दे, दुसरी नेसते. मंग शिमग्याले तिच्या चष्म्याले काजळ लावलं. तिनं पुसला अन् घातला. त्याच्या बाद जे काही केलं त्याले ती फक्त राहू दे म्हणे. म्या आईले सांगतलं की ताई सुधरली. आई म्हणाली, हाव, वय झालं आता. आम्हाले बरं वाटलं.

ऑपरेशन करायचं का नाही ते ताई अन् तुम्ही पाहा. वजनातलं मले फक्त पोत्यांचं समजते. पण एक विचारायचं होतं. या शनिवारी तिचं पत्र आलं. चार पानं. मले माकड म्हटलं, गाढव म्हटलं, बैल म्हटलं, आशीर्वाद पण दिला नाही. म्या ते तीनदा वाचलं. दोन वर्षात ती माह्यावर एवढी पयल्यांदा चिडली.

मॅडम, हे चांगलं लक्षण हाय का तेवढं कळवा. नसलं तरी कळवा.

तिच्यावर ध्यान असू द्यावं, हीच इनंती.

आपला,
कुशल