आपा, तुझा पाय कुणी मापलाच नाही

प्रिय आपा,

तुला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते. काल तुझ्या लेकीला, सानियाला सायकल घ्यायची म्हणून माप घेतलं, आणि आज राहवेना. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

अकरावीला इस्लामपूरच्या कॉलेजात तुझं नाव लागलं तेव्हा अब्बांनी सायकल आणली होती, आठवतं? बावीस इंची, काळी, मधे आडवा दांडा. अब्बा शिंपी. कापडात सोडायचे तशी सायकलीतही माया सोडली. "वाढतं अंग हाय, मोठीच असू दे. लय वर्सं चालंल." तुझी उंची मात्र तेवढ्यावरच थांबली.

चालवायचीस झकास. भीती होती ती थांबायची. कारखान्याच्या फाट्यावर उसाची ट्रॉली आडवी आली, तू ब्रेक दाबून पाय खाली सोडलास, तो जमिनीला पोचलाच नाही. कोपर मोडलं. हात बरा झाला, कॉलेज सुटलं ते सुटलंच.

"शमा तेवढ्याच उंचीची, तिला जमतंय. हिलाच कसं जमत न्हाई?" सगळे म्हणायचे. खरंच, शेजारी उभ्या राहिलो की आपली डोकी एका रेघेत यायची. मग सायकल माझ्याकडे आली. तिच्यावरून मी शिकले, नोकरीला लागले. आणि तू? पलूसला सासरी गेल्यावरही सायकलीला हात लावला नाहीस. "मी भित्री हाय बाई," म्हणून हसायचीस. एकदा तरी चिडायचं होतंस गं!

काल सानिया म्हणाली, "खाला, उंची नगं, पाय माप." मांड्यांमधे पुस्तक आडवं धरून ती भिंतीला टेकली. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावला. मग माझंही मापलं. पोरगी आता माझ्याएवढी झालीय, तरी पाय माझ्यापेक्षा चार बोटं आखूड! धड लांब, पाय आखूड. तुझीच अंगलट, आपा. टेप हातात धरून मी तशीच खाली बसले.

अब्बांना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली. "तवा कुणाला कळत व्हतं, शमा?" एवढंच म्हणाले. मग दिवसभर त्यांच्या हातून शिलाई झाली नाही. त्यांच्यावर रागावू तरी कशी?

दुकानात सानिया दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली. टाचा टेकल्या, वर दोन-तीन बोटं जागा राहिली, हँडलही न वाकता हाती आलं. दुकानदार म्हणाला, "जरा मोठी घ्या की ताई, पोरगी वाढंल." मी म्हटलं, "वाढली की पुन्हा येऊ."

आपा, पुन्हा नक्की मापीन. आणि आपली आई भित्री होती, असं सानियाला कधीच वाटू देणार नाही. आज सकाळीच तिला सांगितलंय: पाय टेकत नसताना तू रोज त्या सायकलीवर निघायचीस, उतरताना पडायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचीस.

तुझीच,
शमा