मुकादमाची चाल

७ फेब्रुवारी १९९५, मंगळवार
आज नक्की समजलं. हे मुकादम होणार. तोंडाने बोलले नाहीत, पण मला डोळे आहेत. इतकी वर्षं वाशीच्या दाणा बाजारात पोती वाहून घरी यायचे ते कानात भुसा, मानेला मिरचीची पूड. हल्ली सदरा जसा जातो तसाच परत येतो. पाठीवर काही न घेता टोळीत पगार घेणारा एकच, मुकादम. आत्ताचे मुकादम सयाजीअण्णा थकलेत. गादी ह्यांनाच देणार. साबणाची वडीही जास्त पुरायला लागली आहे, ती बचत निराळी.
पालीच्या खंडोबाला तळी भरायचं कबूल केलं. संकल्प: नक्की होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही.

८ फेब्रुवारी
सगुणाला सांगितलं. पण ती खालच्याच मजल्यावर राहते, तिचे मारोती ह्यांच्याच टोळीत, म्हणजे परकी नव्हे. ऐकून हातातली तेलाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, वहिनी, तुमच्यांचं बरं आहे, आमच्यांच्या पाठीवर दोघांचं आहे. जळते. मारोतींच्या पाठीला रोज तेल चोळावं लागतं म्हणे. पोतं पाठीवर घ्यायचीसुद्धा हातोटी लागते, आता ती सगळ्यांना कुठून येणार.

१६ फेब्रुवारी, गुरुवार. उपवास.
मुकादमाच्या बायकोला थोडं इंग्रजी यायला हवं. मी काही अडाणी नाही, मॅट्रिक आहे. संकल्प: आठवड्याला एक शब्द. लेकीने, सुनयनाने, डिक्शनरीतून 'कॅरी' दिला. वाटलं सोपा असेल, कॅरी बॅगमधला. तर नेणे, वाहणे, पेलणे, बेरजेतला हातचा, बाई पोटुशी असली तरी कॅरीच. एका शब्दाला किती कामं लावलीत. माझ्यासारखंच झालं.

२६ फेब्रुवारी, रविवार
ह्यांची चाल बदलली आहे. जिना सावकाश चढतात, कठड्याला हात लावून, प्रत्येक मजल्यावर थांबून. पूर्वी धाडधाड यायचे. 'कॅरी'चा आणखी एक अर्थ आहे, माणूस स्वतःला कसा वागवतो, उभा कसा राहतो. सुनयनाला म्हटलं, बघ, बाबा स्वतःला मुकादमासारखं कॅरी करतात. ती म्हणाली, आई, बाबांना धाप लागते, डॉक्टरकडे ने. ह्या शाळेतल्या पोरींना सगळ्यात आजार दिसतो. तरी ओवा-सैंधव दिलं, अंगारा लावला. डॉक्टरची फी वाचली.
शब्द नवा घ्यायचा राहिला. जुनाच अजून संपत नाही.

९ मार्च, गुरुवार. उपवास.
ह्यांना चपला घट्ट होतात. पाय भरलेत. सुखाचं अंग धरायला लागलंय. पण जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. माणूस मोठा झाला की भूक आवरते, माझे वडील म्हणायचे. पीठ कमी मळते.
झोपतात ते भिंतीला उशी लावून, बसून. जबाबदारी आडवं होऊ देत नसेल. ओठ हलत होते. नाव घेत असणार देवाचं.

१९ मार्च, रविवार
शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, मुकादमकीचं कधी जाहीर करणार? मग लाडाने म्हणाले, राजा, तुला एवढी हौस आहे? म्हटलं, हौस नसायला काय झालं, बावीस वर्षं बाजारात घाम गाळलाय तुम्ही. म्हणाले, बरं, पाडवा होऊ दे. आणि हसले. हसता हसता खोकला आला.
म्हणजे पाडव्याला. पेढे घरीच करीन, विकतचे महाग.
खाली सगुणाला सांगून आले. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. एवढा मत्सर बरा नव्हे.

२६ मार्च, रविवार. सकाळी अकरा.
गावाहून टेंपोने तांदळाचं पोतं आलं. खाली गेटापाशी पडलंय. हमालाने वर आणायचे जे मागितले ते ऐकून मी हात जोडले. माथाडीच्या घरात हमाल लावायचा? ह्यांना म्हटलं, पाडव्यानंतर तुम्हाला ओझं उचललेलं शोभायचं नाही, आताच घेऊन टाका. म्हणाले, संध्याकाळी मारोती येईल, तो घेईल. म्हटलं, सगुणाचे उपकार नकोत. सुनयना म्हणाली, आम्ही दोघी पिशव्यांनी थोडं थोडं आणू. तिला दटावलं. सगळ्या गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. ह्यांनी खाली वाकून बघितलं, वर माझ्याकडे बघितलं आणि पाठ दिली. गेटावरच्या दोघांनी पोतं पाठीवर चढवलं. पहिला जिना झोकात चढले.
मी पुढे येऊन दार उघडून ठेवलंय. पोत्याची जागा पुसली, खाली गोणपाट अंथरलं. अजून आले नाहीत. कोणाशी तरी बोलत थांबले असतील. ही त्यांची नवीन सवय.

२८ मार्च, मंगळवार. हॉस्पिटल.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले होते. लवकर घरी आलेल्या मारोतींनी आणि आणखी तिघांनी उचलून खाली नेलं. माझा हात लागायच्या आत गाडीत घातलं. आत सोडत नाहीत. काचेतून दिसतात. नळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, हार्ट फार मोठं झालंय, इतके दिवस काय करत होता. पुढचं काही सांगत नाहीत.
सयाजीअण्णा टोळी घेऊन आले. बाकावर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, वहिनी, दिवाळीपासनं तुमच्या मालकानं, कोंडिबानं, पोत्याला हात लावला न्हाई. आमच्यात आजारी गड्याचं वझं बाकीचे वाटून घेत्यात, वर कळू देत न्हाईत, कळलं तर नाव कापत्यात. त्याला आम्ही सांडलेलं धान्य झाडायला बसवलाता. घरात सांगायचं न्हाई, ही त्यानं शपथ घातलीती. अलीकडं सांगतो म्हणत व्हता, पर म्हणायचा, ती लई खुशीत हाय.
मग आवाज खाली करून विचारलं, वहिनी, तुमाला खरंच कळलं नव्हतं?
सगळे माझ्याकडे बघत होते. सुनयनासुद्धा.
मी म्हटलं, ह्यांनी मला सगळं सांगितलं होतं.
इथेही तेच लिहून ठेवते. सांगितलं होतं.